चौकटीखालची बोटं

डुलूथ, १८ सप्टेंबर १९९१

लायल,

पाकिटावर माझं अक्षर बघून कोणीतरी गेलं असं तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. घराचं छप्पर, गाडी, माझे गुडघे, सगळं जागच्या जागी आहे.

घटस्फोटानंतरच्या एवढ्या वर्षांत आपण एकमेकांना जे काही लिहिलं, ते चित्राच्या खोक्यात टाकलेल्या चिठ्ठीवर. गेल्या खेपेची तुझी चिठ्ठी होती, "काच आतून पुसत जा." त्यामानाने हे पत्र लांबेल.

हॉलेच्या त्या फोटोबद्दल, 'पाठी'बद्दल लिहिते आहे. एक ऑक्टोबरला ती सांता फेला तुझ्याकडे निघायला हवी, हे मला ठाऊक आहे. या वर्षी मला आणखी एक महिना दे.

वकिलासमोर बसून आपण हॉलेचे प्रिंट वाटून घेतले, तेव्हा बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यांचे फोटो तू घेतलेस, सरोवराच्या बर्फाचे मी घेतले, आणि 'पाठ' मात्र दोघांपैकी कोणी सोडेना. एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. वकील म्हणाला होता, लोक मुलांसाठी असं करतात. तेव्हा तू हसला होतास, मी नव्हते हसले.

तर कारण सांगते. क्ष-किरण विभागातून निवृत्त झाल्यापासून मी बुधवारी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जाते. एखादं चित्रांचं पुस्तक घेऊन बसते. लोक बघतात, बोलतात, काही बसल्या जागी झोपतात. गेल्या बुधवारी मर्टन हॉलेचं पुस्तक नेलं. धक्क्यांची चित्रं बघून पुरुषमंडळी खूश झाली, निम्म्यांनी तिथेच कामं केली आहेत. मग 'पाठ' आली. बाईची उघडी पाठ, कललेली मान, डावीकडे ताणलेले ओले केस आणि पलीकडे नुसतं पाणी. पानावर ती केवढीशी दिसते, तरी सगळे पुढे वाकले.

खिडकीजवळच्या चाकाच्या खुर्चीतून एक बाई म्हणाल्या, "ही मी आहे."

त्यांचं नाव आउने केरानेन. फिनिश. वय शहात्तर. शेजारचा म्हातारा लगेच म्हणाला, मागच्या आठवड्यात तुम्ही गव्हर्नरच्या मावशी होतात. सगळे हसले. आउनेबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, याचं मोठं चित्र कुठे बघायला मिळेल.

माझ्या जेवणघरात, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार?

एक महिना. 'पाठीत' कोण आहे हे आपण दोघांनी किती वर्षं शोधलं, तूच आठवून बघ.

डोरीन

डुलूथ, २ ऑक्टोबर १९९१

लायल,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी, त्यातली एक चांगली आहे. "डुलूथमधल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहे." कबूल.

प्रिंट अजून माझ्याकडेच आहे. त्याचं कारण वाचून तू रागावशील, म्हणून बसून वाच.

मी चौकट उघडली.

आउनेबाईंना काचेतून नीट दिसत नाही. त्यांच्या खोलीतल्या खिडकीचा उजेड काचेवर पडतो आणि चित्राच्या जागी त्यांना स्वतःचा चष्मा दिसतो. काच काढायची तर मागचं सगळं सोडवावं लागणार होतं. एकमेकांना विचारल्याशिवाय चौकट उघडायची नाही, हे आपलं ठरलेलं होतं. मी विचारलं नाही. तू नाही म्हणाला असतास.

कापसाचे हातमोजे घातले, टेबल धुऊन कोरडं केलं. मागचा कागद पातीने सोडवला. प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने सही आणि '१९३४', आपल्याला माहीत होती तशीच. अंधाऱ्या भागात कडेकडेने जुन्या प्रिंटवर चढतो तो रुपेरी थर, जो हॉलेच्या पुतण्याने नंतर छापलेल्या प्रतींत कधीच दिसत नाही. तो बघायला मला अजून आवडतं. मग वरचा पुठ्ठा उचलला, त्या मिलवॉकीच्या दुकानदाराने घातलेला, मधे खिडकी कापलेला.

लायल, पुठ्ठ्याखाली डाव्या कडेला बोटभर रुंदीचं चित्र आणखी आहे. त्यात एक हात आहे. पूर्ण नाही, तीन बोटं आणि शिंगाचा कंगवा. पाठमोऱ्या बाईचे केस त्या कंगव्यात अडकलेले आहेत.

म्हणजे केस वाऱ्याने ताणलेले नाहीत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तू त्या वाऱ्याबद्दल सांगायचास. पुस्तकातल्या प्रस्तावनेत त्या वाऱ्यावर अख्खं पान आहे. कोणीतरी तिचे केस विंचरत होतं, आणि नंतर हॉलेने तो हात कापून टाकला. पुस्तकात नाही, पुतण्याच्या प्रतींत नाही, संग्रहालयांतल्या प्रतींत नाही. आपल्याकडच्या या एका प्रिंटमध्ये तो राहिला आहे, आणि आपणच तो भिंतीवर झाकून ठेवला होता.

मी हातमोजे काढले. मग तुला फोन केला. एका बाईंनी उचलला, आवाज चांगला होता. चुकीचा नंबर लागला असं सांगून मी फोन ठेवून दिला. पण ते तुलाच सांगायचं होतं. दुसऱ्या कोणाला त्यातलं काय कळणार?

डोरीन

डुलूथ, १५ ऑक्टोबर १९९१

लायल,

चार पानं! अख्ख्या संसारात तू मला चार पानी पत्र लिहिलं नाहीस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. हो, चित्रावर पेन्सिलीची फिकट उभी रेघ आहे, बोटांच्या अगदी उजवीकडे. इथे कापायचं, असं त्याने स्वतःसाठी आखलेलं असणार. हो, कागद तोच, तुझ्याकडच्या 'धक्का, सकाळ' या प्रिंटचा आहे तसा उबदार काळा. नाही, कंगव्यावर काही कोरलेलं नाही. शिकागोच्या संग्रहालयाला दाखवायला माझी हरकत नाही, पण आत्ता नाही.

चार पानांत तू आउनेबाईंबद्दल एक शब्द विचारला नाहीस. तरी सांगते.

परवा मी प्रिंट घेऊन गेले. पलंगावर पांढरी चादर अंथरली, त्यावर ठेवला. आउनेबाई आधी बोलल्या, मग त्यांनी बघितलं. त्या उन्हाळ्यात त्यांचा भाऊ आर्वो नुकताच लग्न करून बायकोला, हिल्याला, घरी घेऊन आला होता. शनिवारी सौना, म्हणजे वाफेची खोली, तापवायची, अंग शेकून सरोवरात उडी मारायची आणि मग लाकडी फळ्यांवर बसून केस सुकवायचे. शेजारच्या खाणावळीत एक शहरी माणूस उतरला होता. धक्क्यांचे फोटो काढायला आलेला, पेटीएवढा कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरणारा. त्याने लांबूनच कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं. या दोघी हसत सुटल्या. तोंड दाखवणार नाही, एवढं हिल्याने त्याला बजावलं.

त्याने दोन फोटो काढले. एकदा आउने हिल्याचे केस विंचरत होती, एकदा हिल्या आउनेचे. काही वर्षांनी गावच्या वाचनालयात आउनेबाईंनी ते पुस्तक बघितलं. पाठ आपली आहे याची त्यांना खात्री होती. हिल्या म्हणायची, माझी आहे.

मग मी त्यांच्या हातात भिंग दिलं.

मी क्ष-किरणाच्या खोलीत उभं आयुष्य काढलंय. वाईट बातमी काळ्या-पांढऱ्यात कशी दिसते, ते मला कळायला हवं होतं. आउनेबाईंच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. लहानपणी कपडे पिळायच्या रुळांत सापडली होती. चित्रातल्या तीन बोटांतली शेवटची करंगळी तशीच वाकडी आहे. कंगवा धरताना ती बाहेर राहते, भिंगाशिवायसुद्धा दिसते.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग आपली करंगळी चित्राच्या शेजारी धरली, चादरीवर.

"म्हणजे पाठ तिची," त्या म्हणाल्या. "आणि कापून टाकली ती मी."

मी म्हणाले, दुसऱ्या फोटोत तुमची पाठ असेल की. तो कुठे आहे, त्यांनी विचारलं. माहीत नाही, मी म्हणाले. आपण हॉलेच्या किती याद्या चाळल्या, तसा फोटो कुठेही नाही. बहुतेक त्याने तो छापलाच नाही.

त्यांनी भिंग परत दिलं आणि कॉफी मागितली. कॉफीबरोबर वेलचीचा पाव आला, तो त्यांनी तसाच ठेवला. निघताना मी पुन्हा येऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "ये. पण ते घरी ठेवून ये."

घरी येऊन मी पुठ्ठा परत घालणार होते. घातला नाही.

डोरीन

डुलूथ, ६ नोव्हेंबर १९९१

लायल,

इथल्या बर्फाबद्दल तू टीव्हीवर बघितलंच असशील. हॅलोविनच्या दिवशी पडायला लागला तो थांबेचना. मुलं भुतांचे कपडे घालून दारात आली ती कमरेपर्यंत बर्फात. माझी गाडी कुठे आहे हे मला साधारण अंदाजाने माहीत आहे. प्रिंट पाठवायचं विचारूच नकोस. चित्रं पोहोचवणारा मिनियापोलिसचा माणूस या महिन्यात काही इकडे येत नाही.

आउनेबाईंचा फोन आला होता. पहिल्यांदाच. बर्फाची चौकशी झाली, माझ्या गाडीची झाली, मग म्हणाल्या, "हिल्याला सांग, तिची पाठ मी बघितली."

हिल्या पुलापलीकडे सुपीरियर गावात राहतात. खाडीच्या या तीरावरून तिकडची घरं दिसतात, पण दोघींचं बोलणं कधीचंच तुटलं आहे. मी काय झालं ते विचारलं. आउनेबाईंनी सरळ सांगून टाकलं. आर्वो मासेमारीला गेला असताना सरोवरात बुडाला. त्याची होडी त्याचा जोडीदार एइनो एकटाच परत घेऊन आला. पुढच्या उन्हाळ्यात हिल्याने त्या एइनोशी लग्न केलं. आउनेबाई लग्नाला गेल्या नाहीत. नंतरही कधी तिच्या घरी नाही. एइनो वारला तेव्हा फुलं पाठवली, त्यावर नाव घातलं नाही.

मी हिल्याबाईंना फोन लावला. मी कोण, हॉले कोण, प्रिंट कुठला, सगळं सांगत बसले. त्यांनी ऐकून घेतलं.

"ती पाठ माझी आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आता तिला पटलं का?"

पटलं, मी म्हणाले. तुम्ही येऊन बघाल का?

मग कळलं, त्यांना आता दिसत नाही. कडेकडेचं थोडं दिसतं, मधलं गेलं आहे. मला चित्र दाखवून काय उपयोग, असं त्या म्हणाल्या.  फोन ठेवते म्हणाल्या आणि ठेवला नाही. थोड्या वेळाने विचारलं, आउने चालते का अजून? मी नाही म्हणाले. मग म्हणाल्या, रस्ते उघडले की मला न्यायला या.

तुझं 'प्रिंट लगेच पाठव' हे पत्र काल मिळालं. वाचलं.

डोरीन

डुलूथ, २१ नोव्हेंबर १९९१

लायल,

हे सगळं तुला नीट सांगायचं आहे, म्हणून कॉफी प्यायले, मगच लिहायला बसले.

मंगळवारी मी हिल्याबाईंना घेऊन आले. उंच बाई, पाठ अजून ताठ.  पूल आला तेव्हा त्यांनी गाडीच्या खिडकीची काच थोडी खाली केली. वृद्धाश्रमाच्या जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, ती जाड झाली आहे का? मी म्हणाले, थोड्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

आउनेबाईंनी केस नीट बांधून घेतले होते, गळ्यात मणी घातले होते. जिला दिसत नाही तिच्यासाठी. दोघी समोरासमोर आल्या, कोणी हात पुढे केला नाही. मी हिल्याबाईंना पलंगाशेजारी बसवलं, प्रिंट आउनेबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि दाराशी जाऊन उभी राहिले. बाहेर जायला हवं होतं, पण प्रिंट उघडा होता. तुला कळेल.

"सांग," हिल्याबाई म्हणाल्या. "काय आहे त्यात?"

आउनेबाई सांगू लागल्या. आधी पाणी सांगितलं. त्या दिवशी सरोवर सपाट होतं, चित्रातही सपाट आहे, वर आकाशाची नुसती पट्टी. मग फळ्या. तिसऱ्या फळीतली गाठ दिसते म्हणाल्या, जिच्यावर आर्वोचा पाय नेहमी ठेचकाळायचा. त्यांच्या तोंडून भावाचं नाव आलं आणि त्या थांबल्या. 

मग आउनेबाई चित्राकडे बघतच म्हणाल्या, "एक वर्ष तरी थांबायचंस, हिल्या."

"त्या वर्षात तू एकदा जरी माझ्याकडे आली असतीस, तर थांबले असते," हिल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "एइनो रोज यायचा. लाकडं फोडून द्यायचा. तुझी मी वाट बघत होते."

लायल, एवढ्या वर्षांचं ते भांडण, आणि त्यात एवढंच होतं.  बाहेर कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली. मला वाटलं आता संपलं, हिल्याबाई उठतील आणि मला गाडी काढायला सांगतील.

त्या म्हणाल्या, "पुढे सांग. केस कसे दिसतात?"

"काळे. ओले. पाठीवर पाण्याचे थेंब आहेत, उजव्या खांद्याखाली तीळ आहे."

"आहे तीळ."

"मान कललेली आहे. सुंदर दिसतेस." मग, "पाठ तुझीच आहे. मी उगाच भांडले. माझी बोटं आहेत फक्त, कडेला."

"करंगळी?"

"वाकडीच."

हिल्याबाई हसल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा. "मान कललेली असणारच," त्या म्हणाल्या. "किती ओढत होतीस केस. तो शहरी माणूस म्हणत होता, हलू नका, आणि तू जटेत कंगवा घालून बसलेली."

त्यानंतर त्या फिनिशमध्ये बोलायला लागल्या, आणि मी बाहेर गेले. प्रिंट तिथेच ठेवून. हो, उघडा. कॉफीचा पेलाही जवळपास होता. रागव.

आता ऐक. नवीन पुठ्ठा मी स्वतः कापला, खिडकी मोठी करून, म्हणजे पूर्ण चित्र दिसतं, कंगवा, बोटं आणि हॉलेची पेन्सिलीची रेघसुद्धा. काच झगमगणार नाही अशी घातली. आणि काल मी ते आउनेबाईंच्या खोलीत, त्यांच्या पलंगावरच्या भिंतीला लावलं. माझं वर्ष संपलं आहे. हे वर्ष तुझं आहे आणि ते मी तुला न विचारता त्यांना देऊन टाकलं. वकिलाला सांगायचं असेल तर सांग. पण मी ते काढून खोक्यात भरणार नाही. हवं असेल तर इथे ये आणि आपल्या हाताने भिंतीवरून काढून ने.

डोरीन

डुलूथ, १२ डिसेंबर १९९१

लायल,

तू सुखरूप पोहोचलास हे कळलं. एका ओळीचं कार्ड, म्हणजे तब्येत ठीक आहे.

तू विमानतळावरून थेट माझ्या दारात, ती स्वतः बनवलेली लाकडी पेटी घेऊन उभा राहिलास, तेव्हा मला वाटलं, चूक माझीच, मीच ये म्हणाले. गाडीत आपण हवेबद्दल बोललो. तू केस बारीक केले आहेस, त्याबद्दल मी काही बोलले नाही. चांगले दिसतात.

खोलीत तू किती वेळ त्या चित्रासमोर उभा होतास, तुला कळलंही नसेल. आउनेबाई खुर्चीत डुलक्या घेत होत्या. तू खिशातून भिंग काढून बोटं बघितलीस, रेघ बघितलीस. मग त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघे वाकवून बसलास, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तिथून वर बघितलंस. मी पेटीचं झाकण उघडं करून धरलं होतं.

"इथून यांना काय दिसतं?" तू म्हणालास. "चौकटीची खालची पट्टी. आणि पलंगावर पडल्यावर तर काहीच नाही. कोणी लावलं हे इतकं उंच?"

"मी," मी म्हणाले.

तू हातोडा मागून आणलास. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या उजेडापासून लांब, खुर्चीतूनही आणि उशीवरूनही दिसेल अशा बेताने खिळा ठोकलास. दोनदा माप घेतलंस. जुन्या भोकात साबण भरलास, म्हणजे व्यवस्थापिकाबाईंना कळायला नको. मग रिकामी पेटी उचलून गाडीत ठेवायला गेलास.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. आउनेबाई झोपल्या नव्हत्या. तू बाहेर गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, हाच का तो, तुला सोडून गेलेला? मी म्हणाले, आम्ही एकमेकांना सोडलं. त्यावर त्यांनी खिळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सरळ ठोकतो मात्र."

हॉलेच्या पुतण्याच्या बायकोला तू पत्र लिहिणार होतास, ते लिही. न छापलेल्या निगेटिव्ह तिच्या इव्हन्स्टनच्या घरात अजून असतील असं तू म्हणालास, आणि मलाही तसं वाटतं. तिला सांग, फळ्या, सपाट पाणी, दुसरी पाठ. तीळ नसलेली. सापडो न सापडो, आउनेबाईंना मी सांगितलं आहे की तू शोधतो आहेस. तुला कधी काही शोधायचा कंटाळा येत नाही, हेही सांगितलं.

शिकागोवाल्यांना उन्हाळ्यात बोलावू. तोवर नको.

हिल्याबाई आता बुधवारी येतात. काल मी त्यांना आणलं तर दारातच त्यांनी विचारलं, चित्र हलवलंत का, आउनेचा आवाज दुसरीकडे तोंड करून येतो आहे. मी त्यांना नव्या भिंतीपाशी नेलं, त्यांचा हात धरून चौकटीवर ठेवला. त्या काचेवरून बोटं फिरवत डाव्या कडेला आल्या आणि थांबल्या.

"इथे तू ना?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"थोडं खाली," आउनेबाई म्हणाल्या. "अजून थोडं. हां, तिथे."

डोरीन